चिठ्ठीवरची गोळी आणि बारा पायऱ्या

ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मद्याचा थेंब आलेला नाही, तंबाखूच्या डबीला फडताळात कधी जागा मिळालेली नाही, त्या घरातही रात्री साडेनऊच्या सुमारास औषधांच्या डब्यातून एक छोटी गोळी निघते. अर्ध्या मिलिग्रॅमची. पतीच्या निधनानंतर झोप लागेना म्हणून डॉक्टरांनी ती पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली असते. पंधरा दिवस सरतात, वर्षे सरतात. चिठ्ठी मात्र सरत नाही. घरातील कोणीही याला व्यसन म्हणणार नाही. पण गोळ्या संपल्या आणि औषधाचे दुकान दोन दिवस बंद राहिले, की त्या बाईंचे हात कापू लागतात, छातीत धडधडते, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. मग मुलगा-सून एकमेकांकडे पाहतात, आणि कोणीतरी सुचवते, ‘त्या बारा पायऱ्यांच्या मीटिंगा असतात ना, दारू सोडणाऱ्यांच्या, तिथे नेऊन पाहावे का?’

प्रश्न साधा वाटतो. उत्तर तितके साधे नाही.

आधी गोळीविषयी. हॉफमन-ला रोश या कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ लिओ स्टर्नबाख यांच्या संशोधनातून 1960 मध्ये लिब्रियम आणि 1963 मध्ये व्हॅलियम बाजारात आले. त्याआधीची बार्बिच्युरेट गटातील औषधे जिवावर बेतणारी होती. त्या मानाने ही नवी औषधे सुरक्षित ठरली आणि जगभर पसरली. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम ही त्यांचीच भावंडे. आपल्या मेंदूत ‘गाबा’ नावाचे एक रसायन लगाम ओढण्याचे काम करते. या गोळ्या त्या लगामाला जोर देतात. काही आठवड्यांत मेंदूला बाहेरच्या जोराची सवय होते आणि तो स्वतःचा हात सैल सोडतो. अशा वेळी गोळी एकाएकी काढून घेतली, की घोडा उधळतो. बेचैनी, घाम, निद्रानाश, प्रसंगी फिटसुद्धा येते. हे शरीराचे अवलंबित्व आहे. डॉक्टरांनी सांगितली तेवढीच मात्रा इमानाने घेणाऱ्या माणसालाही ते जडते. अधिकाधिक मात्रेची ओढ लागणे, दोन-तीन डॉक्टरांकडून चिठ्ठ्या मिळवणे, घरच्यांपासून पाकिटे लपवणे, हे व्यसन. दोहोंतील सीमारेषा पुसट असली, तरी ती आहे. आणि पुढचा सारा विचार तिच्यावरच अवलंबून आहे.

आता मीटिंगविषयी. अमेरिकेतील ॲक्रन या गावी 1935 मध्ये शेअर बाजारात वावरलेले बिल विल्सन आणि शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यासक्तांची भेट झाली. तीतून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’, म्हणजे ए.ए., ही चळवळ उभी राहिली. बारा पायऱ्या छापील स्वरूपात आल्या त्या 1939 च्या पुस्तकात. स्वतः डॉ. बॉब दारूने उठणारी थरथर दाबण्यासाठी शामक औषधांच्या मोठ्या मात्रा घेत असत, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. म्हणजे गोळीचा प्रश्न या चळवळीच्या जन्मापासूनच तिच्या सोबतीला आहे. भारतात ए.ए.ची सुरुवात 1957 मध्ये दिल्लीत झाली, आणि आज महाराष्ट्रात मराठीतूनही सभा भरतात. शुल्क नाही, नोंदवही नाही, आडनाव नाही. ज्याला जमेल त्याने पिशवीत काही टाकावे, बाहेरच्याकडून देणगी घ्यायची नाही. कोणत्याही संस्थेचे हिशेब पाहिलेल्या माणसाला हा स्वावलंबनाचा नियम कौतुकाचा वाटेल.

चौथी पायरी आत्मपरीक्षणाची आहे. ते मूळ पुस्तकात दुकानदाराच्या मालमोजणीची उपमा देऊन समजावलेले आहे. कोणता माल खपाचा, कोणता सडका, हे वेळोवेळी न पाहणारा धंदा बुडतो, असा त्याचा आशय. पाचव्या पायरीवर ती यादी दुसऱ्या माणसासमोर उघड करायची असते. गुरूंसमोर आलोचना करण्याची परंपरा ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही.

मग गुण येतो का? मद्याच्या बाबतीत उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. कॉक्रेन संस्थेने 2020 मध्ये 27 अभ्यासांचा आणि दहा हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्रित आढावा घेतला. रुग्णाला पद्धतशीरपणे ए.ए.शी जोडून देणारे उपचार अखंड मद्यमुक्तीच्या कसोटीवर इतर मान्यवर मानसोपचारांपेक्षा सरस ठरले. परंतु हा आढावा दारूचा आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या शामक गोळ्यांसाठी या तोडीचा पुरावा उपलब्ध नाही. एका खात्यातील शिल्लक दुसऱ्या खात्यात दाखवावी तसा तो वापरता येत नाही.

अडचण तत्त्वातही आहे. दारू आज सोडली की आजपासून दिवस मोजता येतात. गोळीचे तसे नाही. ब्रिटनमधील न्यूकॅसल येथे प्रा. हेदर ॲश्टन यांनी 1982 ते 1994 या काळात याच औषधांपासून सुटका करून घेऊ पाहणाऱ्यांसाठी दवाखाना चालवला. त्यांची पद्धत अशी की, दर एक-दोन आठवड्यांनी चालू मात्रेचा सुमारे दहावा हिस्सा कमी करायचा, आणि गती रुग्णाच्या सोसण्याप्रमाणे ठेवायची. अमेरिकेतील तज्ज्ञांच्या 2025 च्या मार्गदर्शिकेत दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के अशी आणखी सावध सुरुवात सुचवलेली आहे. मुद्दल एकरकमी फेडायला गेलेला कर्जदार बुडतो आणि हप्त्याने फेडणारा तरतो, तसेच हे. यात सहा महिने, वर्ष, कधी त्याहून अधिक काळ जातो. एवढे दिवस तो माणूस रोज गोळी घेतच असतो. मग त्याला ‘मुक्त’ म्हणायचे की नाही? नार्कोटिक्स ॲनॉनिमसच्या काही गटांत, ज्याने त्या दिवशी अमली द्रव्य घेतले आहे त्याने सभेत फक्त ऐकावे, असा संकेत असतो. हप्त्या-हप्त्याने खाली उतरणारी, प्रामाणिकपणे वही भरणारी व्यक्ती अशा ठिकाणी खजील होते. आणि खजील झालेला माणूस उरलेल्या गोळ्या एका रात्रीत फेकून देण्याची शक्यता असते.

त्या एका रात्रीचे मोल काय असते, हे बार्बरा गॉर्डन यांच्या 1979 च्या आत्मकथनात वाचायला मिळते. दूरचित्रवाणीवरील माहितीपटांची ही नामवंत निर्माती. डॉक्टरांच्याच सांगण्यावरून तिने व्हॅलियम एकदम बंद केले आणि तिच्यावर मनोरुग्णालयात दाखल होण्याची वेळ आली. अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांची कथा याच्या दुसऱ्या टोकाची. मानेच्या दुखण्यासाठी सुरू झालेल्या वेदनाशामक गोळ्या, मग शामक गोळ्या, सोबतीला मद्य. 1978 मध्ये कुटुंबीयांनी समोर बसवून त्यांना आरसा दाखवला. रुग्णालयात वैद्यकीय देखरेखीखाली औषधे उतरवली गेली, आणि बारा पायऱ्यांवर आधारलेल्या उपचारांनी त्या सावरल्या. 1982 मध्ये त्यांच्या नावाचे केंद्रही उभे राहिले. येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी वैद्य, मग सभा. शिवाय त्यांच्या बाबतीत मद्यही होते, आणि तिथे बारा पायऱ्यांचे नाणे खणखणीत वाजते.

ज्याचा प्रश्न फक्त गोळीचा आहे, दारूचा नाही, त्याला ए.ए.चे सभासदत्व त्यांच्याच नियमानुसार मिळत नाही. खुल्या सभेत बसता येते. 1953 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या नार्कोटिक्स ॲनॉनिमसची दारे कोणत्याही अमली द्रव्यासाठी उघडी आहेत. परंतु सत्तर वर्षांच्या विधवा आजींना ब्राउन शुगरमधून सुटलेल्या तरुणांच्या वर्तुळात बसवून ‘मी व्यसनी आहे’ असे वदवून घेणे, हे त्यांच्या आजाराचे चुकीचे निदान आहे, आणि थोडे क्रौर्यही. त्यांच्यासाठी साधी माहितीच अधिक गुणकारी ठरू शकते. कॅनडातील क्यूबेक प्रांतात 65 वर्षांवरील, दीर्घकाळ या गोळ्या घेणाऱ्या मंडळींना गोळीचे धोके व मात्रा उतरवण्याचे वेळापत्रक समजावणारी एक पुस्तिका पाठवण्यात आली. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सहा महिन्यांत त्यांपैकी 27 टक्के लोकांनी गोळी पूर्ण थांबवली. पुस्तिका न मिळालेल्यांत हे प्रमाण पाच टक्के होते.

याउलट, मात्रा आपोआप वाढत गेलेला, गोळीसोबत मद्य घेणारा, तीन दुकानांतून पाकिटे आणणारा गृहस्थ असेल, तर त्याने डॉक्टरांच्या देखरेखीसोबत सभेलाही जावे. मध्यरात्री अडीच वाजता घाम फुटलेला असताना डॉक्टर फोन उचलतीलच असे नाही. सभेतला ‘स्पॉन्सर’ बहुधा उचलतो. तोही कधी त्याच घामातून गेलेला असतो. हा आधार कोणत्याही औषधात नाही. मात्र सभेतील एखाद्या ज्येष्ठाने ‘त्या गोळ्याही आजच बंद करा’ असे सांगितले, तर ते ऐकू नये. सभासदाने डॉक्टरची भूमिका घेऊ नये, असे ए.ए.च्या स्वतःच्या पत्रिकेतच बजावलेले आहे.

पर्युषणात एक धोका विशेष संभवतो. अठ्ठाई किंवा निर्जळी उपवास धरताना इतर औषधांबरोबर ‘ती झोपेची गोळी’ही सहज बंद केली जाते, ती औषध वाटतच नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी थरथर सुरू झाली, की तो उपवासाचा अशक्तपणा समजला जातो. वर्षानुवर्षे ही गोळी घेणाऱ्याने उपवासाचा संकल्प करण्यापूर्वी, निदान काही आठवडे आधी, डॉक्टरांशी बोलावे. बोलताना मात्रा किती आणि कधीपासून, हे खरेखरे सांगावे.

कायद्याच्या बाजूने पाहता, भारतात मार्च 2014 पासून या गटातील बरीच औषधे ‘एच-1’ अनुसूचीत आहेत. विक्रेत्याने डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपायची असते. प्रत्यक्षात जुनी, घडीवर फाटलेली चिठ्ठी किती ठिकाणी चालते, हे गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात एक कोटीहून अधिक लोक वैद्यकीय सल्ल्याबाहेर शामक औषधे घेतात. यात सल्ल्यानुसार घेणाऱ्या त्या बाई मोजलेल्याच नाहीत.

पुण्यात 1986 मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रात वैद्यकीय उपचार आणि समूहाचा आधार एकाच छताखाली मिळतात. तेथवर जाण्याची गरज आहे की नेहमीच्या डॉक्टरांकडून वेळापत्रक आखून घेणे पुरेसे आहे, हे ठरत नसेल, तर शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर विचारावे. मराठीतून बोलता येते, पैसे पडत नाहीत, आणि रात्री अडीच वाजताही तो लागतो.