बागेतले शिसे

इंग्लंडातील शहरांत नगरपालिका नागरिकांना भाजीपाला पिकविण्यासाठी जमिनीचे लहान तुकडे भाड्याने देतात. एक तुकडा परंपरेने दहा रॉडांचा, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटरचा. दुसऱ्या महायुद्धात या तुकड्यांनी कित्येक कुटुंबांना भाजी पुरवली. त्याच घरांतील शेगड्यांची राख वर्षानुवर्षे याच मातीत पडत गेली. आपणही परसात राख टाकतो. पण ती लाकडाची. दगडी कोळशाच्या राखेत शिसे, आर्सेनिक यांसारखी द्रव्ये उरतात.

पालापाचोळा कुजून जातो. शिसे हे मूलद्रव्य असल्याने त्याचे विघटन होण्याचा प्रश्नच नाही. शिसेयुक्त पेट्रोल ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडेही २००० साली बंद झाले. त्यातून रस्त्याकडेला पडलेले शिसे मात्र मातीच्या वरच्या थरात टिकून राहते.

न्यूकॅसलमध्ये तर हे संकट विकतचे नव्हे, फुकटचे घेतले गेले! बायकर येथील कचरा जाळण्याच्या भट्टीतील राख १९९४ ते १९९९ या काळात बागांच्या पायवाटांवर पसरण्यात आली. तीत जड धातू होते, शिवाय डायॉक्सिन नावाची विषारी संयुगे. बागांतल्या कोंबड्या तीच माती टोचीत. अखेर त्यांची अंडी खाऊ नयेत असे रहिवाशांना सांगावे लागले.

माती दूषित म्हणजे भाजी विषारी, असे समीकरण मात्र घाईने मांडू नये. शिसे चिकणमातीच्या व कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याच्या कणांना घट्ट धरून राहते. मुळांत थोडे शिरले तरी फळापर्यंत फारच कमी पोहोचते. टोमॅटो किंवा घेवड्याची त्यामुळे विशेष भीती नाही. कॅडमियमची तऱ्हा निराळी. रासायनिकदृष्ट्या ते जस्ताचे जवळचे नातलग. जस्त वनस्पतीला हवेच असते, आणि त्याच वाटेने कॅडमियमही आत शिरते. पालकासारख्या पालेभाज्यांच्या पानांत साठते. माती आम्ल असेल तर ते अधिक सुटे होते. म्हणून अशा जमिनीत चुना घालतात.

याच न्यूकॅसलमधील बागांचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. बहुतेक ठिकाणी मातीतले शिसे किलोला ८० मिलिग्रॅम या ब्रिटिश मार्गदर्शक मर्यादेहून जास्त होते. तरीही बागकाम करणाऱ्यांच्या रक्तातील शिसे बाग न करणाऱ्या शेजाऱ्यांपेक्षा लक्षणीय अधिक आढळले नाही.

मग शिसे पोटात जाते कोठून? मुख्यतः नखांतल्या मातीतून, पानांना चिकटलेल्या धुळीतून, न सोललेल्या गाजर-मुळ्यांच्या सालीवरून. भाजी नीट धुणे, कंदमुळे सोलणे, खतमातीने भरलेले उंच वाफे करणे, हे उपाय त्यामुळेच साधे असूनही कामाचे ठरतात. प्रौढ माणूस गिळलेल्या शिशापैकी सुमारे दहावा भाग शोषून घेतो. लहान मूल निम्म्यापर्यंत शोषू शकते. आणि वाफ्याशेजारी बसून मातीची बोटे तोंडात घालते तेही तेच.