उंबर बसलाय की राबतोय?



बचत गटाची बैठक म्हटली की हप्ते, कर्जफेड, सह्या आणि अंगठे. पण गेल्या महिन्यात हिशेब लवकर आटोपला, म्हणून आम्ही एक कविता वाचली. बालकवींची ‘औदुंबर’. आठच ओळींची आहे. वाचायला मिनिटही लागलं नाही, पण बोलणं दिवेलागणीपर्यंत चाललं. एकाच कवितेचे इतके अर्थ कसे निघाले, ते आज सांगतो.

आधी कवीविषयी. बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे. जन्म १८९० सालचा, जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावचा. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं, तिथे त्यांना ‘बालकवी’ हे नाव मिळालं. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वे अपघातात ते गेले. वयाची २८ वर्षंही पुरी झाली नव्हती.

या कवितेत गोष्ट नाही, चित्र आहे. दोन्ही काठांवर हिरवळ असलेला झरा, टेकडीकडचं लहानसं गाव, भरलेली शेतं, त्यांतून जाणारी पायवाट. ती पोचते एका काळ्या डोहाकडे. तिथे सावलीने पाणी काळवंडलं आहे आणि औदुंबर, म्हणजे आपला उंबर, पाण्यात पाय सोडून बसला आहे. का बसला, दमला म्हणून की सगळं आटोपलं म्हणून, हे कवी सांगत नाही. ती जागा मोकळी राहते, आणि ऐकणारी बाई ती आपल्या अनुभवाने भरते. अर्थ वेगवेगळे होतात ते इथे.

आमच्या गटात तसंच झालं. सर्वांत धाकटी सून म्हणाली, “मला झाड दिसलंच नाही. मला माहेरची पायवाट दिसली.” चाळिशीतली एक ताई म्हणाली, “सुना आल्या की मीही अशीच निवांत बसणार.” त्यावर साठीच्या काकू हसल्या. “बाईला असं बसू देतं कोण? पाय सोडून बसलेली बाई दिसली की लोक म्हणतात, हिला काम नाही. हे पुरुषाचं म्हातारपण आहे.”

ओढ्याकाठी जमीन असलेल्या वहिनींना हे पटलं नाही. “उंबर बसलेला दिसतो, पण त्याची मुळं काठची माती धरून असतात. फळं तर खोडालाच लगडतात. पाखरं, वटवाघळं त्यावर जगतात. तो राबतोच आहे.” काकू लगेच म्हणाल्या, “म्हणजे झाडालाही सुट्टी नाहीच का?” यावर बराच वेळ वाद झाला. तो मिटला नाही, आणि आम्ही मिटवलाही नाही.

कवितेच्या अभ्यासकांतही या आठ ओळींवरून असेच मतभेद आहेत. कुणी म्हणतं, हे निव्वळ निसर्गाचं चित्र आहे. कुणाला त्यात विरक्त साधू दिसतो. कुणी पायवाटेला आयुष्य आणि डोहाला मृत्यू मानतं. तेव्हा आपल्याला वेगळं वाटलं, तर ‘आपण अडाणी’ असं समजू नका.

पण मग काहीही अर्थ चालतो का? नाही. आम्ही एक नियम केला: जे वाटलं, ते कवितेत कुठे आहे ते दाखवायचं. एकीने सांगितलं की झाड वठलेलं आहे. आम्ही पुन्हा वाचलं. तसा शब्द नव्हता, उलट पाणी झाकणारी सावली होती. झाड म्हातारं आहे असंही कवी कुठे म्हणत नाही, तरी आम्हां बहुतेकींना ते वयस्क वाटलं. बसलं म्हणजे म्हातारं, म्हातारं म्हणजे वठलेलं, ही समजूत आमच्या मनातली होती. झाडावर आम्हीच ती लादली.

सर्वांत थोरल्या आजी तोवर गप्प होत्या. मग म्हणाल्या, “डोह काळा आहे, पण कवी त्याला वाईट म्हणत नाही. त्या काळोखाला तो गोड म्हणतो. मला डोहाची भीती नाही. मला हप्त्याची भीती आहे.” गुडघ्यांमुळे त्यांचं मजुरीला जाणं बंद झालं होतं. तीन महिने लेकीकडून पैसे आणून त्या बचत भरत होत्या. गटातून नाव कमी करा, असं सांगायलाच त्या आल्या होत्या. दर महिन्याला त्यांचा अंगठा घेणाऱ्या आम्हांला हे ठाऊक नव्हतं.

आम्ही नाव कमी केलं नाही. वय झालेल्या सदस्येची बचत किती असावी, हा विषय पुढच्या बैठकीसाठी नोंदवहीत लिहिला आहे. काहींना सवलत हवी आहे. काही म्हणतात, नियम सगळ्यांना सारखाच हवा. दोन्ही बाजू ऐकूनच ठराव होईल.

तुमच्या गटातही एखादी छोटी कविता वाचून पाहा. दोनदा वाचा. आधी सर्वांत धाकटीला बोलू द्या, म्हणजे थोरलीच्या शब्दाने ती अडणार नाही. मग एकेकीला विचारा, तुला काय दिसलं? आणि जी गप्प बसली असेल, तिच्यासाठी थोडं थांबा.