बीएस्सी फिजिक्स करताना इंजिनीअरिंगचे विषय घेता येतात का?

बारावीला पीसीएम होतं, सीईटीचा स्कोअर थोडक्यात कमी पडला आणि बीएस्सीला फिजिक्स घेतलं. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या अनेक घरांत ही गोष्ट ओळखीची आहे. काही जण फिजिक्स आवडीनंही निवडतात. पण प्रश्न दोघांचाही सारखाच असतो : या डिग्रीत इलेक्ट्रॉनिक्स, प्रोग्रॅमिंग, इन्स्ट्रुमेंटेशन बसवता येतं का? येतं. फक्त ते कुठल्या रकान्यात बसतं, हे आधी समजून घ्यावं लागतं.

रकाने कोणते?

नव्या शैक्षणिक धोरणाची रचना राज्यातल्या स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झाली. आता पदवीत मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे कोर्स आणि ऑन जॉब ट्रेनिंग असे वेगवेगळे भाग असतात.

ओपन इलेक्टिव्हमध्ये इंजिनीअरिंग का नाही?

नावात ‘ओपन’ असलं तरी हा विषय मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. राज्याच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात विज्ञान आणि तंत्रज्ञान ही एकच विद्याशाखा आहे. त्यामुळे फिजिक्सवाल्यांसाठी इंजिनीअरिंग ‘बाहेरचं’ ठरत नाही. इथे अर्थशास्त्र, मानसशास्त्र, अकाउंटिंग असे विषय येतात.

मग जागा कुठे आहे?

मुख्य जागा मायनरची. त्याला साधारण १८ ते २० क्रेडिट असतात आणि तो त्याच विद्याशाखेतला दुसरा विषय असू शकतो. दुसरी जागा कौशल्याच्या कोर्सची : सर्किट जोडणं, सेन्सर वापरणं, पायथॉनमध्ये कोड लिहिणं. तिसरी ऑन जॉब ट्रेनिंगची. वागळे इस्टेट आणि डोंबिवली एमआयडीसी जवळ असल्याचा फायदा इथे होऊ शकतो. कॉलेजात कोर्स नसेल, तर ‘स्वयं’ पोर्टलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स आहेत. मात्र त्याचे क्रेडिट धरणार का, हे कॉलेजला आधी विचारावं.

निवड कशी करायची?

पुढे काय करायचंय, तिथून मागे यावं. एमएस्सी आणि संशोधन करायचं असेल, तर गणिताचा मायनर जास्त उपयोगी. क्वांटम मेकॅनिक्सला लिनिअर अल्जिब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स पक्की लागतात. पदवीनंतर लगेच नोकरी हवी असेल, तर इलेक्ट्रॉनिक्स किंवा कम्प्युटर.

पण मायनर घेतला म्हणून कुणी इंजिनीअर होत नाही. डिग्री बीएस्सीचीच राहते आणि ‘बीई/बीटेक आवश्यक’ असं लिहिलेल्या जागेसाठी ती चालत नाही. इंजिनीअरच व्हायचं असेल, तर थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाचा मार्ग आहे. एआयसीटीईच्या निकषांनुसार त्यासाठी बारावीला गणित आणि बीएस्सीला किमान ४५ टक्के (आरक्षित प्रवर्गासाठी ४०) लागतात. शिवाय पहिल्या वर्षाचे इंजिनीअरिंग ड्रॉइंग आणि मेकॅनिक्स हे विषय दुसऱ्या वर्षासोबत सोडवावे लागतात.

फॉर्म भरण्याआधी काय विचारायचं?

ठाण्यातलं बांदोडकर, कल्याणचं बिर्ला यांसारखी स्वायत्त कॉलेजं स्वतःचा अभ्यासक्रम ठरवतात. म्हणून मित्राच्या कॉलेजातली यादी आपल्याला लागू होईलच असं नाही. विभागात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात : मायनर बदलता येतो का आणि कधीपर्यंत? किती विद्यार्थी आले तरच तो चालवला जातो? आणि प्रॅक्टिकल किती तासांचं आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘फक्त थिअरी’ असं आलं, तर त्या इलेक्ट्रॉनिक्समधून हाताला काम शिकायला मिळणार नाही.