पस्तिशीनंतरचे गरोदरपण : पुढची तपासणी करायची की नाही?

पस्तिशी ओलांडल्यावर दिवस गेले की डॉक्टर पहिल्याच भेटीत एनटी सोनोग्राफी आणि डबल मार्कर लिहून देतात. बहुतेक भगिनी काही न विचारता रक्त देऊन येतात. मग रिपोर्टवर ‘हाय रिस्क’ असे दिसले की घरात चूल पेटत नाही. लग्न उशिरा केले म्हणून, नोकरी केली म्हणून, असे बोल सुरू होतात. शिकून, धाकट्या भावंडांना मार्गी लावून मग संसार मांडणाऱ्या आपल्या मुलींना हे ऐकावे लागते, याचा मला राग येतो.

डबल मार्कर निदान करत नाही. ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी, आईच्या रक्तातले दोन घटक आणि आईचे वय यांचा हिशेब करून ती फक्त शक्यता सांगते. अनेक लॅब २५० त एक किंवा त्याहून जास्त शक्यता आली की ‘हाय रिस्क’ लिहितात. वयच हिशेबात धरलेले असल्याने मोठ्या वयाच्या बाईला हा शिक्का लवकर बसतो. डाऊन सिंड्रोमचे बाळ होण्याची शक्यता पस्तिशीत साधारण ३५० त एक, चाळिशीत १०० त एक असते. म्हणजे चाळिशीतही शंभरातल्या नव्याण्णव बाळांना तो नसतो.

उत्तर नागपुरातली ३९ वर्षांची एक शिक्षिका असाच रिपोर्ट घेऊन आली होती. आकडा ११० त एक. सासूबाईंचे म्हणणे, पोटात सुई घातली तर बाळ हातचे जाईल. नणंदेचे म्हणणे, कशाला जोखीम, आत्ताच मोकळी हो. मी म्हटले, “ताई, एका हॉलमध्ये तुमच्यासारखाच रिपोर्ट आलेल्या ११० बाया बसल्या आहेत असे समजा. त्यातल्या १०९ जणींच्या बाळाला हा दोष नाही. तुम्ही कोणत्या, ते या कागदाला माहीत नाही.” नुसत्या डबल मार्करवर गोळ्या घेऊन गर्भ पाडणे म्हणजे त्या १०९ मधले बाळ गमावणे. असे करणारी माणसे आहेत, म्हणून स्पष्ट लिहिते आहे.

“मग नक्की कळणार कसे, सिस्टर?” तिने विचारले.

दोन वाटा आहेत. एनआयपीटी ही आईच्या रक्तावरची तपासणी दहाव्या आठवड्यापासून होते. बाळाला धोका नाही आणि डाऊन सिंड्रोमच्या शंभरातल्या साधारण नव्याण्णव केसेस ती पकडते. पण खासगी लॅबमध्ये हजारो रुपये मोजावे लागतात आणि तीही निदान नव्हे. पॉझिटिव्ह आली तर खात्री करावीच लागते. खात्रीची तपासणी म्हणजे अॅम्निओसेंटेसिस. साधारण सोळाव्या आठवड्यानंतर सोनोग्राफीत बघत बारीक सुईने गर्भजल काढतात. त्यातून गर्भपात होण्याचा धोका अनुभवी हातात दोनशेत एक किंवा त्याहूनही कमी. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनची आठवण तुम्हीच करून द्या.

तपासणीआधी स्वतःला विचारायचे ते एवढेच, की उत्तर कळले तर मी काय करणार? ती शिक्षिका म्हणाली, “बाळ ठेवणारच आहे. पण न कळता सहा महिने काढणे मला झेपणार नाही.” तिने पाणी तपासून घेतले. दुसरी एखादी म्हणेल, ठेवणारच आहे तर सुई कशाला? तेही तितकेच रास्त. शिक्षिकेचा रिपोर्ट काय आला ते मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यावरून लोक तिचा निर्णय बरोबर की चूक ते ठरवू लागतील.

मात्र “बघू पुढच्या महिन्यात” म्हणू नका. पाण्याचा प्राथमिक रिपोर्ट काही दिवसांत मिळतो, पण पूर्ण रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपातासाठी २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. २० ते २४ आठवड्यांत ठरावीक कारणांसाठीच आणि दोन डॉक्टरांच्या मताने परवानगी आहे. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्ड ठरवते. म्हणून शेवटच्या पाळीची तारीख लिहून ठेवा.

विदर्भातल्या भगिनींना आणखी एक सांगायचे आहे. आपल्या बौद्ध समाजात आणि आदिवासींमध्ये सिकलसेल जास्त आढळतो, आणि त्याचा आईच्या वयाशी संबंध नाही. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. गुणसूत्रांच्या नेहमीच्या तपासणीत सिकलसेल दिसत नाही, त्यासाठी वेगळी तपासणी सांगावी लागते. तेव्हा दोघांचे रक्त आधीच तपासून घ्या आणि पाणी काढण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा.

१९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याप्रमाणे अशी तपासणी नोंदणीकृत केंद्रातच होते. मुलगा की मुलगी हे सांगणे गुन्हा आहे. धोके समजावून, तुम्हाला समजणाऱ्या भाषेत लेखी संमती घ्यावी लागते. सही तुमची, नवऱ्याची नाही. संमतीपत्राची प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे.

पुढे काहीच करायचे नाही असे ठरले, तरी १८ ते २० आठवड्यांची अॅनॉमली सोनोग्राफी चुकवू नका. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या बाळांना हृदयाचा दोष असतो. तो आधी कळला तर बाळंतपण कुठे करायचे ते ठरवता येते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. एनआयपीटी तिथे होईल असे धरून चालू नका, पण सगळे रिपोर्ट फाईलला लावून न्या. बाळाला पुढे मदत लागलीच तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राचा पत्ता आशाताईंना विचारा.