किरणोपचारातील त्वचादाह आणि लाल प्रकाश

कर्करोगावरील किरणोपचार सुरू झाल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी उपचाराच्या जागेवरील त्वचा बहुधा लालसर होते, कोरडी पडते, खाजू लागते. स्तनाच्या कर्करोगात काखेत आणि स्तनाखालच्या घडीत ती सोलवटून ओलीही होते. वेदना असह्य झाल्या, की काही रुग्ण उपचार मध्येच थांबवतात. किरणोपचारात असा खंड पडला, की कर्करोगाच्या पेशींना पुन्हा वाढण्यास सवड मिळते. म्हणूनच हा प्रश्न केवळ त्वचेपुरता उरत नाही.

त्यावरील एक उपाय अनपेक्षितपणे हाती आला. बुडापेस्टचे डॉ. एन्द्रे मेश्टर १९६७ च्या सुमारास लेसर किरणांनी कर्करोग होतो काय, हे उंदरांवर तपासत होते. कर्करोग झाला नाही; उलट भादरलेल्या जागी केस लवकर उगवले. पुढे सौम्य लेसरने जखमाही लवकर भरतात, असे त्यांना आढळून आले. लाल व अवरक्त प्रकाश पेशींतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या सूक्ष्म कणिकांत शोषला जातो आणि त्यामुळे पेशींच्या दुरुस्तीला वेग येतो, असे आज मानले जाते. या मात्रेत त्वचा भाजत नाही.

बेल्जियममध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या १२० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. किरणोपचाराच्या काळात आठवड्यातून दोनदा लेसर दिलेल्या गटात त्वचा ओली होऊन सोलण्याचे प्रमाण सुमारे ७ टक्के राहिले. नुसता देखावा केलेल्या गटात ते ३० टक्के होते. स्तनाच्या कर्करोगात त्वचादाह टाळण्यासाठी हा उपचार करावा, अशी शिफारस २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे. तोंडातील व्रण टाळण्यासाठी तर त्याचा वापर अधिक रुळलेला आहे.

प्रकाशाने गुण येतो म्हटल्यावर रुग्णाला उन्हात बसवण्याचा मोह होईल. तो घातक आहे. उन्हातील अतिनील किरण आधीच दुखावलेल्या त्वचेला आणखी इजा करतात. ती जागा सैल सुती कापडाने झाकावी. शेक देणे, घरगुती लेप लावणे किंवा बाजारातला लाल दिवा आणून धरणे हेही टाळावे. प्रकाशाची तरंगलांबी, मात्रा आणि जागा तज्ज्ञच ठरवतात. प्रत्यक्ष गाठीवर तो सरसकट टाकायचा नसतो. शिवाय त्वचा सोलण्याची वाट न पाहता सुरुवातीपासून दिल्यास त्याचा उपयोग अधिक होतो. म्हणून ही सोय आपल्या रुग्णालयात आहे काय, हे किरणोपचाराच्या पहिल्या भेटीतच विचारून घ्यावे.