पंधरा खणांचे दप्तर

सोनी कंपनीने ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये विक्रीस आणलेले आणि पुढे जगभर दहा कोटींहून अधिक घरांत पोहोचलेले पहिले प्लेस्टेशन सीडीवरून खेळ चालवीत असे. परंतु सीडीवर खेळणाऱ्यास स्वतःचे काही लिहून ठेवणे शक्य नसल्यामुळे, परिश्रमाने गाठलेला टप्पा दुसऱ्या दिवशी जेथल्या तेथे सापडावा म्हणून यंत्राच्या दर्शनी बाजूस मेमरी कार्डांसाठी दोन स्वतंत्र खाचा ठेवलेल्या होत्या. या कार्डाची धारणाशक्ती अवघी १२८ किलोबाइट. आजच्या मोबाइलने काढलेले एक छायाचित्रही तीत मावणार नाही; आणि तरीही ज्यांचे बालपण त्या यंत्रासमोर गेले, त्यांच्या कित्येक वर्षांचा खेळ तीत साठवलेला आहे. अशी कार्डे आज कपाटांतून बाहेर निघतात तेव्हा ती बहुधा भरलेली असतात. नव्या खेळाला जागा नसते, जुन्यांपैकी काय ठेवावे आणि काय काढावे याचा उलगडा होत नाही, आणि एखादी नोंद तर अशी निघते की ती कोणत्या खेळाची हेच कळत नाही. संगणकावरील लहानशा स्क्रिप्टच्या साहाय्याने ही व्यवस्था कशी लावता येते, हे पाहावयाचे तर प्रथम कार्डाची अंतर्गत रचना समजून घेणे अवश्य आहे.

त्या १२८ किलोबाइटांचे प्रत्येकी ८ किलोबाइटांचे सोळा खण पाडलेले असतात. त्यांपैकी पहिला खण कार्डाच्या स्वतःच्या कारभाराकडे राखीव असतो, म्हणून खेळांच्या वाट्यास पंधराच येतात. प्रत्येक खणात १२८ बाइटांच्या चौसष्ट फ्रेम असतात. राखीव खणाची पहिली फ्रेम ‘एम’ आणि ‘सी’ या दोन रोमन अक्षरांनी सुरू होते आणि तिच्यानंतरच्या पंधरा फ्रेम म्हणजे पंधरा खणांची नोंदवही होय. प्रत्येक नोंदीचा पहिला बाइट त्या खणाची स्थिती सांगतो. षोडशमान अंकांत तो ५१ असेल तर तेथे एखाद्या सेव्हचा, म्हणजे साठवलेल्या खेळाचा, आरंभ आहे, ५२ असेल तर मधला भाग, ५३ असेल तर शेवट. आणि ए० असेल तर खण मोकळा. पुढे सेव्हचा आकार, तो एकाहून अधिक खणांत पसरला असल्यास पुढील खणाचा क्रमांक, आणि मग नाव. नावाची पहिली दोन अक्षरे प्रदेश दर्शवितात: ‘बीआय’ जपान, ‘बीए’ अमेरिका, ‘बीई’ युरोप. त्यांच्यामागून त्या खेळाचा उत्पादन क्रमांक येतो. फ्रेमच्या पहिल्या १२७ बाइटांवर क्रमाने एक्सऑर ही क्रिया केली असता जे फल येते, ते १२८ व्या बाइटमध्ये पडताळणीसाठी नोंदवलेले असते. इतक्या अल्प जागेत इतका चोख जमाखर्च ठेवणाऱ्या त्या अभियंत्यांविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

आता यंत्राच्या पडद्यावरून आपण एखादा सेव्ह काढून टाकतो तेव्हा प्रत्यक्षात काय घडते? नोंदीतील ५१ च्या जागी ए१ येतो, ५२ च्या जागी ए२, ५३ च्या जागी ए३, आणि त्या फ्रेमची पडताळणी नव्याने लिहिली जाते. याहून अधिक काही होत नाही. सातबाऱ्यावरून नाव कमी झाले म्हणून शेतातील माती जशी नाहीशी होत नाही, तद्वत् खणातील मजकूर, त्याचे शीर्षक, त्याचे सोळा रंगांतील चिमुकले चित्र, सर्व काही दुसरा खेळ त्या जागेवर लिहीपर्यंत जसेच्या तसे शिल्लक असते. कार्डाच्या सफाईचा सारा विचार या एका वस्तुस्थितीवर उभा आहे: सफाई ही नोंदवहीची करावयाची असते, मजकुराची नव्हे. जो हा भेद जाणतो त्याला चुकून काढलेला सेव्ह परत आणता येतो. जो जाणत नाही तो सफाईच्या उत्साहात परतीची वाट स्वतःच बंद करतो.

कार्ड संगणकात वाचण्यासाठी पूर्वी डेक्सड्राइव्ह नावाचे उपकरण मिळत असे. पुढे सोनीनेच प्लेस्टेशन ३ साठी यूएसबीचा अॅडॉप्टर काढला. आणि हौशी मंडळी आर्डुइनोच्या लहान पाटीला तारा जोडूनही हे काम करतात. कोणत्याही मार्गाने का होईना, कार्डाची संपूर्ण प्रत एका फाइलीत उतरते. ती नेमकी १,३१,०७२ बाइटांची असावयास हवी. डेक्सड्राइव्हची फाइल मात्र आरंभी ३,९०४ बाइटांचे स्वतःचे प्रास्ताविक जोडते, म्हणून ती १,३४,९७६ बाइटांची भरते. पायथॉन भाषेतील स्क्रिप्टने प्रथम हा आकार तपासावा, मग ‘एमसी’ ही खूण पाहावी, आणि दोहोंपैकी एक जरी जुळले नाही तरी पुढे पाऊल टाकू नये.

त्यानंतरचे काम तपासणीचे आहे, आणि तेच खरे मोलाचे. स्क्रिप्ट पंधराही नोंदी वाचते, प्रत्येकीची पडताळणी पुन्हा मोजते आणि आरंभीच्या प्रत्येक खणापासून साखळी धरून शेवटापर्यंत जाते. साखळीतील खणांची संख्या नोंदलेल्या आकाराशी जुळते काय, ती मध्येच मोकळ्या खणात शिरते काय, की फिरून स्वतःपाशीच येते, हे ती पाहते. सेव्ह चालू असताना कोणी कार्ड उपसले असेल तर कधी असा खण उरतो की ज्यावर कोणत्याच खेळाचा हक्क नाही, परंतु दप्तरी तो मोकळाही नाही. तो डोळ्यांना दिसत नाही, स्क्रिप्टला सापडतो. सेव्हचे शीर्षक शिफ्ट-जिस या जपानी संकेतावलीत असते. अमेरिकन खेळांची रोमन अक्षरेही तेथे जपानी पद्धतीच्या रुंद रूपात लिहिलेली असल्यामुळे, ती संकेतावली न उलगडता वाचू गेल्यास पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. उलगडली की मात्र अनोळखी वाटलेल्या नोंदीला एकाएकी नाव प्राप्त होते.

काय काढावयाचे याचा निर्णय स्क्रिप्टकडे कधीही सोपवू नये, असे माझे निश्चित मत आहे. एकाच खेळाचे तीन सेव्ह दिसले म्हणजे दोन फाजील, असे यंत्राला वाटेल. पण त्यांतला एक धाकट्या भावाचा असू शकतो. स्क्रिप्टने यादी द्यावी, प्रस्तावित फेरफार दाखवावेत आणि संमती मिळेपर्यंत थांबावे. विखुरलेले खण एका ओळीत आणून बसवण्याचा काहींना मोह होतो, तोही व्यर्थ आहे. या कार्डात फिरणारी तबकडी नाही, त्यामुळे खण लागून असले काय किंवा दूर असले काय, व्यवहारात फरक पडत नाही. सेव्हच्या आतील मजकुराला तर हातच लावू नये, कारण अनेक खेळ तेथे आपली स्वतंत्र पडताळणी ठेवतात आणि ती बिघडली की सेव्ह नाकारतात. मोकळे खण शून्यांनी भरून टाकणे एकाच प्रसंगी समर्थनीय आहे: कार्ड परक्याच्या हाती जाणार असेल आणि आपला मजकूर त्याच्यासोबत जाऊ नये अशी इच्छा असेल तेव्हा.

संमती मिळाल्यावर बदल होतो तो अगदी थोडा. एका खणाच्या सेव्हसाठी एकाच फ्रेममधील दोन बाइट बदलतात, स्थितीचा आणि पडताळणीचा. म्हणून कार्डावर परत लिहितानाही सर्व १,०२४ फ्रेम पुन्हा लिहिण्याची आवश्यकता नाही. बदललेल्या तेवढ्याच लिहाव्यात, कारण फ्लॅश स्मृतीला पुसण्या-लिहिण्याची मर्यादा असते. मग कार्ड पुन्हा संपूर्ण वाचून संगणकातील फाइलीशी बाइटाबाइटाने ताडून पाहावे, आणि सफाईपूर्वीची मूळ प्रत तारीख घालून वेगळी ठेवावी. वर्षभराने भाऊ आपला सेव्ह मागू लागला, तर त्या प्रतीतून तो खण आणि त्याची नोंद परत कार्डावर उतरविता येते.