वादळांचा पंचकोन

गुरूच्या दक्षिण ध्रुवावर मधल्या एका चक्रीवादळाभोवती पाच वादळे पंचकोनाच्या टोकांवर ठाण मांडून आहेत. उत्तर ध्रुवावर मधल्याभोवती आठ. एकेकाचा व्यास चार ते सात हजार किलोमीटर, म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी हे अंतर त्यात आरामात मावते. ध्रुवांवरून घिरट्या घालणारे नासाचे ‘जुनो’ यान २०१६ साली तिथे पोचले, तेव्हा हा प्रकार उजेडात आला.

त्याचे मूळ रत्नागिरीच्या किनाऱ्यावरूनही समजते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळात ‘बसरा स्टार’ हे जहाज मिऱ्याच्या किनाऱ्याला लागून रुतले. वादळ मात्र उत्तरेकडे सरकत दिवेआगरजवळ जमिनीवर आले. पुढच्या मे महिन्यात ‘तौक्ते’ रत्नागिरीसमोरून वर जात थेट गुजरातला धडकले. वादळाची वाट मुख्यतः भोवतालचे वारे ठरवतात. पण ध्रुवाकडची एक ओढ त्याच्या अंगातच असते. पृथ्वीच्या फिरण्याचा हवेवरचा परिणाम विषुववृत्तावर नगण्य, ध्रुवाकडे वाढत जाणारा. आपल्याकडचे वादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. त्याच्या पूर्वेकडून दक्षिणेची हवा वर चढते, पश्चिमेकडून उत्तरेची खाली उतरते. दोन्ही हवा आपापली मूळची गिरकी सोबत आणतात. त्यातून दोन बाजूंना दोन दुय्यम भोवरे उठतात आणि वादळाला वायव्येकडे रेटतात.

पृथ्वीवर जमीन लागली की समुद्राची वाफ तुटते आणि वादळ दम सोडते. गुरूवर जमीनच नाही. तिथली वादळे सरकत ध्रुवापाशी येतात, तर तिथे एक आधीच बसलेले! प्रत्येक वादळाभोवती उलट्या दिशेने फिरणाऱ्या वाऱ्याचे कडे असते. ते शेजाऱ्याला दूर ठेवते, एकमेकांत मिसळू देत नाही. आतली ओढ आणि बाहेरचा रेटा साधारण ८४ अंश अक्षांशाच्या आसपास जुळतात. तिथे वादळे अडतात, आणि अंतरे सारखी पडल्यामुळे बहुकोन दिसतो. २०१९ मध्ये दक्षिणेत एक छोटे सहावे वादळ घुसले, तेव्हा पंचकोनाचा षटकोन झाला होता.

शनीचा प्रसिद्ध षटकोन मात्र निराळा. दोघांची गल्लत नेहमी होते. व्हॉयेजर यानांच्या छायाचित्रांतून डेव्हिड गॉडफ्री यांनी १९८८ साली तो ओळखला. ७८ अंश उत्तरेजवळचा तो वेगवान वायुप्रवाह आहे, वादळांची माळ नव्हे. त्याची एकेक बाजू पृथ्वीच्या व्यासाहून लांब. आतल्या-बाहेरच्या वाऱ्यांच्या वेगात फरक पडला की प्रवाह नागमोडी होतो, आणि परिघात पूर्ण बसतील तेवढ्याच लाटा टिकतात. शनीवर त्या सहा. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी फिरत्या पाण्याच्या टाकीत वेग बदलून असे निरनिराळे बहुकोन उठवले आहेत. शनीच्या दक्षिण ध्रुवाजवळ असा षटकोन नाही.